नातेवाईक दिव्यांगत्वाचा लाभ चुकीने घेत असल्याची शंका : तक्रार करावी का, आणि करायची तर कोणत्या क्रमाने

चुलत्यांना 'निराधारचा पगार' चालू आहे आणि ते पाठीवर पंप बांधून फवारणी करताना दिसले. वहिनींकडे कर्णबधिरत्वाचे प्रमाणपत्र आहे आणि त्या फोनवर अर्धा अर्धा तास बोलतात. मावसभावाने दिव्यांग कोट्यातून प्रवेश घेतला आणि तो गणपतीत ढोल वाजवतो. असे काही डोळ्यांसमोर आले की बहुतेक जण 'तक्रार करू का?' या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच क्रम चुकतो. आधी ठरवायचे असते ते नेमकी कोणती अट मोडली गेली आहे हे, कारण अट सांगता आली नाही तर तक्रारीत लिहायला आपल्याजवळ रागाखेरीज काहीच उरत नाही. पुढील टप्पे महाराष्ट्रातील योजना आणि कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. ते याच क्रमाने करावेत. पहिले चार टप्पे वगळून थेट आठव्यावर उडी मारणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

टप्पा १ : लाभ कोणता आणि त्याची अट कोणती, हे लिहून काढा

प्रमाणपत्र आणि लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मोजली आहेत आणि बहुतेक सवलती व आरक्षण यांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. हे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. त्यामुळे 'त्यांचा तर बंगला आहे, तरी अपंगाचे कार्ड काढले' ही तक्रार होऊ शकत नाही. बंगल्यात राहणाऱ्याचा पायसुद्धा पोलिओने अधू झालेला असू शकतो.

लाभाचे मात्र तसे नाही. प्रत्येक लाभाची अट निराळी असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व, पासष्ट वर्षांखालील वय आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, अशा अटी आहेत. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दिव्यांगत्व ८० टक्के लागते आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते. एसटीच्या तिकिटातील सवलत ४० टक्क्यांवर मिळते, तिला उत्पन्नाशी देणेघेणे नाही. सरकारी नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण प्रमाणपत्राच्या खरेपणावर उभे असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांग शिक्षकांना विशेष संवर्गात प्राधान्य मिळते, तेही प्रमाणपत्रावरच. जुन्या करप्रणालीत दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा त्याहून अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते; ती मिळवायला खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून मिळालेली शिलाई मशीन किंवा मदतीची रक्कम हा आणखी निराळा विषय.

आता पुढील वाक्यातील तीन रिकाम्या जागा भरून पाहा : '____ हा लाभ मिळण्यासाठी ____ ही अट आहे, आणि ____ या कारणाने ती पूर्ण होत नाही असे मला वाटते.'

*तपासणी :* तिसऱ्या जागेत 'ते चांगले चालतात', 'त्यांना काही झालेले नाही' किंवा 'सगळ्या गावाला माहीत आहे' असे उत्तर येत असेल, तर तक्रारीचा विचार आताच बाजूला ठेवा आणि टप्पा ३ काळजीपूर्वक वाचा.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. काम करणे म्हणजे अट मोडणे नव्हे. निराधार योजनेचा दिव्यांग लाभार्थी किराणा दुकानात बसला, शेळ्या राखल्या किंवा फवारणी केली म्हणून अपात्र ठरत नाही. कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर ठरतो. म्हणजे चुलत्यांच्या बाबतीत पाठीवरचा पंप गैरलागू आहे. बघायचा तो उत्पन्नाचा दाखला. त्या मोजणीत कोणाकोणाची मिळकत धरायची, वेगळ्या राहणाऱ्या कमावत्या मुलाचे काय, हे स्वतःच ठरवून मोकळे होण्याऐवजी कोणाचेही नाव न घेता तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत विचारून घ्यावे.

टप्पा २ : पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले वेगळे करा

एका पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तारखेसह लिहा, दुसऱ्यात ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या नावासह आणि तिसऱ्यात आपण केलेले तर्क. 'प्रमाणपत्र पैसे देऊन आणले' हे वाक्य जवळजवळ नेहमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात जाते. 'एजंटाला दहा हजार दिले असे त्यांनी स्वतः माझ्यासमोर सांगितले' हे मात्र पहिल्या रकान्यात बसते.

*इशारा :* पुरावा गोळा करण्याच्या नादात नातेवाइकाच्या कपाटातील कागदांचे फोटो काढू नका, त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी वापरून त्यांचे यूडीआयडी खाते उघडू नका आणि लपूनछपून त्यांचे चित्रीकरण करू नका. माहिती अधिकारात दुसऱ्याचा वैद्यकीय अहवाल मागण्याची सूचनाही अनेक जण देतात. असा अर्ज वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जातो आणि अर्जदाराचे नाव तेवढे कार्यालयात नोंदले जाते. मानसिक आजाराच्या बाबतीत तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्कच दिला आहे. कागद तपासणे हे चौकशी अधिकाऱ्याचे काम आहे आणि ते त्यांच्यासाठीच ठेवावे.

टप्पा ३ : 'दिसतो तर धडधाकट' या निष्कर्षाची उलटतपासणी करा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शंका इथेच विरून गेल्या आहेत. दिव्यांगत्वाची टक्केवारी कशी काढतात याची कल्पना नसलेल्या माणसाला फसवणूक जागोजागी दिसू लागते.

ऐकण्यापासून सुरुवात करू. श्रवणदोष यंत्राने, दोन्ही कानांचा, आणि श्रवणयंत्र न लावता मोजतात. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक ऱ्हास असेल तर कायद्याच्या भाषेत ती व्यक्ती बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कठीण. चांगले श्रवणयंत्र लावून वहिनी फोनवर बोलत असतील, तर त्यातून यंत्र चांगले आहे एवढेच सिद्ध होते. दृष्टीचे नेमके उलटे आहे : ती शक्य तितका योग्य चष्मा लावून मोजतात. म्हणून जाड भिंगाचा चष्मा असलेली, पण चष्म्याने स्वच्छ दिसणारी व्यक्ती अल्पदृष्टी ठरत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३० टक्के मिळतात, म्हणजे ४० ची रेषा ओलांडली जात नाही. असा माणूस ४० टक्क्यांचा लाभ घेत असेल तर तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. अर्थात त्याला आणखी दुसरे दिव्यांगत्व नसेल तर.

हातापायांच्या बाबतीत डोळ्यांची फसगत आणखी मोठी होते. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस जयपूर फूट लावून पँट घालून चालला तर शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही, पण कृत्रिम पाय बसवल्याने त्याची टक्केवारी उतरत नाही. लहानपणी पोलिओ झालेला माणूस सायकल मारतो, गवंड्याच्या हाताखाली काम करतो, आणि तरीही त्याच्या एका पायाची ताकद मोजली की आकडा चाळिसाच्या वर येतो.

कायद्याच्या यादीत असे आजारही आहेत ज्यांत सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक पडतो. विदर्भातील गडचिरोली-चंद्रपूर पट्टा आणि नंदुरबार या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण घरोघरी ओळखीचे आहेत. ढोल वाजवणाऱ्या मावसभावाला सिकलसेल असेल, तर त्याच आठवड्यात तो असह्य वेदनांनी सरकारी दवाखान्यात सलाईनवर असू शकतो आणि त्याचे ते दिवस आपण पाहिलेले नसतात. पार्किन्सनच्या रुग्णाला गोळीचा असर असेपर्यंत चहाचा कप नीट धरता येतो आणि असर उतरला की शर्टाची गुंडी लावता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात महिने बरे जातात आणि मग एखादा झटका येतो. मानसिक आजाराचे मूल्यमापन स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समजूत आणि काम या चार बाबींवर, शिवाय आजार किती वर्षांचा आहे यावर होते. लग्नाच्या पंगतीत हसून बोलणारा माणूस या चारांपैकी तिन्हींत कोलमडलेला असू शकतो, आणि पंगतीतून घरी गेल्यावर तो दोन दिवस उठत नाही हे त्याच्या बायकोलाच ठाऊक असते.

आणखी एक खूण लोक पुरावा समजतात : 'आपल्या जिल्ह्यात मिळाले नाही म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातून प्रमाणपत्र आणले.' नियमानुसार राहत्या जिल्ह्यात, तसेच जिथे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या रुग्णालयातही अर्ज करता येतो. मुंबईत किंवा पुण्यात उपचार घेणाऱ्याने तिथून प्रमाणपत्र काढले यात वावगे काही नाही. कधीही उपचार न घेतलेल्या लांबच्या जिल्ह्याचे, तेही एजंटामार्फत आणलेले प्रमाणपत्र असेल तर ती बाब नोंदवण्याजोगी आहे.

*तपासणी :* आजाराचे नाव, प्रमाणपत्रातील प्रकार, ते कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे, या तीनपैकी किती गोष्टी तुम्हाला खात्रीने माहीत आहेत? एकही माहीत नसेल तर टक्केवारीबद्दल तक्रार करू नका.

टप्पा ४ : स्वतःचा हेतू आणि स्वतःचा सहभाग तपासा

वाटणी, सामाईक विहीर, बांध, आईच्या दागिन्यांचा हिशोब, मोडलेली सोयरीक. गेल्या एक-दोन वर्षांत या नातेवाइकाशी यांपैकी कशावरून तरी बिनसले असेल, तर चौकशी अधिकारी पहिल्याच भेटीत ते शोधून काढतील आणि समोरची बाजूही पहिल्यांदा तेच सांगेल. वाद आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पण वाद लपवला तर खरी तक्रारही पडते. दिवाणी दावा चालू असेल तर आधी आपल्या वकिलाचा सल्ला घ्या.

सहभागाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे का? मोटार दिव्यांग काकांच्या नावावर करसवलतीत घेतली आणि चालवता तुम्ही, असे तर नाही? अनुदान जमा होणारे खाते तुमच्याबरोबरचे संयुक्त आहे का? यांपैकी काहीही असेल तर पुढचे पाऊल वकिलाकडे टाका, कारण तुम्ही केवळ माहिती देणारे राहत नाही.

टप्पा ५ : आधी बोला, पण योग्य माणसाने आणि योग्य जागी

बनावट कागद करून देणाऱ्या टोळीचा संबंध असेल किंवा बोलल्याने कोणाला मारहाणीची भीती असेल, तर हा टप्पा सोडा. एरवी सोडू नका. लाभार्थ्यांपैकी कितीतरी जणांना आपण कोणती अट मोडतो आहोत हेच माहीत नसते. अर्ज सेतू केंद्रातल्या मुलाने भरलेला असतो, अंगठा किंवा सही तेवढी त्यांची. कधी मधल्या माणसाने पैसे घेऊन नसलेली टक्केवारी छापून दिलेली असते आणि लाभार्थी स्वतःच फसलेला असतो.

बोलणारी व्यक्ती नात्याने मोठी किंवा निदान बरोबरीची असावी. सुनेने सासऱ्यांना किंवा पुतण्याने चुलत्यांना जाब विचारल्यासारखे झाले तर विषय मानापमानावर जातो आणि कागद बाजूलाच राहतात. ती जबाबदारी आत्या, मोठे मेहुणे किंवा घरात ज्यांचा शब्द ऐकला जातो त्या कोणावर सोपवावी. सुरुवात आरोपाने न करता कागदाने करावी. उदाहरणार्थ : 'काका, निराधारच्या अर्जातला उत्पन्नाचा दाखला जुनाच चालू आहे ना? ट्रॅक्टर भाड्याने द्यायला लागल्यापासून आकडा वाढला असेल. उद्या पडताळणी निघाली तर वसुली येईल. आपण दोघे तहसीलला जाऊन विचारून येऊ.' या बोलण्यात चोर हा शब्द कुठे येत नाही आणि सुटण्याची वाट मात्र दिसते.

प्रमाणपत्राविषयी बोलायचे असेल तर 'तुला काय झालंय?' असे विचारू नये. 'तुझ्या कार्डाची मुदत संपत आली आहे का, पुन्हा तपासणीला जायचे असेल तर मी सोबत येतो' असे म्हणावे. खरा आजार असलेला माणूस या वाक्यावर मोकळा होतो आणि बऱ्याचदा तीन वर्षे लपवलेले दुखणे तेव्हा पहिल्यांदा सांगतो.

*इशारा :* हा विषय लग्नकार्यात, तेराव्याला किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर काढू नका. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणे किंवा धमकावणे हा २०१६ च्या अधिनियमातील कलम ९२ खालील गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. 'पैसे दे, नाहीतर तक्रार करतो' हे वाक्य तर गंमतीतही उच्चारू नये. त्याला खंडणी म्हणतात.

टप्पा ६ : चूक दुरुस्त करायला मुदत द्या

नातेवाइकाने मान्य केले तर मार्ग सरळ आहे. निराधार योजनेसाठी तहसीलदारांच्या नावे अर्ज करून, कोणत्या तारखेपासून आपण अटीत बसत नाही हे सांगून, लाभ बंद करण्याची विनंती करावी आणि पोच घ्यावी. जास्तीची रक्कम परत करायची झाल्यास कार्यालयाने लेखी कळवलेल्या आकड्याप्रमाणे आणि सांगितलेल्या पद्धतीनेच भरावी. कोणाच्या हातात रोख देऊ नये. घरात एखाद्या बाईला निराधारचे अनुदान आणि लाडकी बहीण असे दोन्ही येत असेल, तर तेही त्याच फेरीत विचारून घ्यावे, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असल्यास लाडकी बहीण योजनेची पात्रता जाते. टक्केवारीबद्दलच संशय असेल तर फेरतपासणीसाठी स्वतःहून जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जावे.

मुदत किती द्यावी? माझ्या मते एक ते दोन महिने पुरेत, आणि ती बोलतानाच सांगावी.

टप्पा ७ : आता ठरवा

सामान्य नागरिकावर अशी तक्रार करण्याची कायदेशीर सक्ती नाही. लोक 'गप्प बसलो तर मीही गुन्हेगार' या भीतीने झोप घालवतात, ती भीती निराधार आहे. मात्र चौकशी आपणहून घरी आली आणि तुम्हाला विचारले गेले, तर खोटे सांगू नका. गप्प राहणे आणि खोटी साक्ष देणे यांत मोठे अंतर आहे.

तीन प्रसंगी तक्रार करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला, कागद बनावट असल्याचे तुम्हाला थेट माहीत असेल, विशेषतः गावात आणखी लोकांना तसे कागद विकणारा एजंट असेल तर. दुसरा, नोकरी किंवा प्रवेशाची जागा बळकावली असेल तर. त्या एका जागेसाठी रांगेत उभा असलेला खरा अंध किंवा अस्थिव्यंग मुलगा तिथे जाणार होता, आणि अनुदान बंद करता येते तशी ती जागा त्याला सहजासहजी परत मिळत नाही. तिसरा प्रसंग वेगळाच आहे : दिव्यांगत्व खरे, लाभ खरा, पण पैसे दुसराच खातो. मतिमंद पुतणीचे एटीएम कार्ड काकाकडे आहे आणि तिला धड कपडा नाही, असे असेल तर ते फसवे दावे करण्याचे प्रकरण राहत नाही, दिव्यांग व्यक्तीच्या शोषणाचे होते. अधिनियमाच्या कलम ७ नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांना किंवा प्रांताधिकाऱ्यांना, याची माहिती देऊ शकतो. इथे लाभ बंद करा अशी मागणी चुकूनही करू नका; संरक्षण मागा.

उरते ती मधली, सर्वांत सामान्य स्थिती. गरीब घर, थोडे वाढलेले उत्पन्न आणि चालू राहिलेले अनुदान. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात. ते बंद झाल्यावर घराचे काय होते आणि वसुली निघाली तर ती भरणार कोण, याचा हिशोब घालूनच ठरवावे. मी अशा ठिकाणी टप्पा ५ आणि ६ दुसऱ्यांदा करीन आणि तक्रार सर्वांत शेवटी ठेवीन. तुमचे मत वेगळे असू शकते आणि ते बेकायदा नाही.

टप्पा ८ : योग्य कार्यालय निवडा

चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज टपालात फिरत राहतो, म्हणून टप्पा १ मधील वाक्य पुन्हा वाचा. निराधार किंवा केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाची अट मोडली असेल तर तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा. प्रमाणपत्रच संशयास्पद असेल तर ते देणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख, म्हणजे जिल्हा रुग्णालय असल्यास जिल्हा शल्य चिकित्सक, आणि प्रत पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. नोकरीतील लाभासाठी नियुक्ती करणारे कार्यालय. जिल्हा परिषदेचा कर्मचारी असल्यास मुख्य कार्यकारी अधिकारी. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने कर्मचाऱ्यांची दिव्यांग प्रमाणपत्रे आणि यूडीआयडी पडताळण्याचे निर्देश दिले, त्यामुळे तुमच्या नातेवाइकाची पडताळणी आधीच झालेली असण्याचाही संभव आहे. ग्रामपंचायतीच्या निधीसाठी गटविकास अधिकारी. बनावट शिक्के, बनावट सह्या किंवा एजंट यांसाठी पोलीस. कोणत्या खात्याकडे जायचे हे उमगत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवरील तक्रार निवारणाचा मार्ग आहे.

*इशारा :* एकच अर्ज मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, वृत्तपत्रे आणि दहा कार्यालयांना पाठवू नका. प्रत्येक कार्यालय 'योग्य कार्यवाहीस्तव' तो दुसऱ्याकडे पाठवते, आणि बातमी मात्र दहा टेबलांवरून गावात येते.

टप्पा ९ : अर्ज लिहा

एक पान पुरते. टप्पा २ मधील पहिल्या रकान्यातील गोष्टी तथ्य म्हणून लिहाव्यात, दुसऱ्यातील 'असे समजते' म्हणून, तिसऱ्यातील लिहूच नयेत. नमुना असा :

'विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील लाभार्थी श्री. ____, रा. ____, यांच्या उत्पन्नाच्या अटीची पडताळणी होणेबाबत. महोदय, सदर लाभार्थी माझे चुलते आहेत. आमच्यात मौजे ____ येथील जमिनीबाबत वाद आहे, हे मी प्रथमच नमूद करतो. त्यांच्या मालकीचा ट्रॅक्टर ____ महिन्यापासून भाड्याने चालू असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. यामुळे कुटुंबाचे उत्पन्न योजनेच्या मर्यादेत राहते किंवा कसे, याची आपल्या स्तरावर पडताळणी व्हावी. त्यांच्या दिव्यांगत्वाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. माझे नाव शक्य तितके गोपनीय ठेवावे, ही विनंती.'

मागणी 'पडताळणी व्हावी' अशी असावी. 'गुन्हा दाखल करून कठोर शिक्षा करा' असे लिहिल्याने अर्जाला वजन येत नाही. खोटेपणाने लाभ घेतल्याबद्दल २०१६ च्या अधिनियमातील कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहेच, आणि ती लावायची की नाही हे ठरवणारे आपण नाही.

नाव घालावे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. निनावी अर्ज बहुधा दप्तरी दाखल होतो, शिवाय त्यावर खुलासा विचारायला कोणी नसते. नाव घातल्यास गोपनीयतेची विनंती करता येते, पण खरे सांगायचे तर तालुक्याच्या गावी तहसीलमधली बातमी आपण एसटीतून उतरण्याआधी घरी पोहोचलेली असते. नाव उघड होईल असे धरूनच ठरवावे. कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद आहे. उलट, खोटी आहे हे माहीत असताना कोणाला त्रास व्हावा म्हणून सरकारी अधिकाऱ्याला माहिती दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

*तपासणी :* अर्ज लिहून दोन दिवस घरात ठेवा. मग तो नातेवाइकाने समोर बसून वाचला तर कोणत्या ओळीवर तो 'हे साफ खोटं आहे' म्हणू शकेल, ते शोधा आणि ती ओळ काढा.

टप्पा १० : अर्ज दिल्यानंतर

आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. महिनाभराने एकदा लेखी स्मरणपत्र द्यावे; दर सोमवारी कार्यालयात जाऊन बसू नये. चौकशीत जबाबासाठी बोलावले तर अर्जात लिहिले तेवढेच सांगा, नव्या ऐकीव गोष्टी जोडू नका. घरात विचारणा झाली आणि नाव फुटलेले असेल तर नाकारू नका; 'पडताळणी मागितली आहे, शिक्षा मागितलेली नाही' असे सांगून प्रत दाखवता येईल असाच अर्ज तुम्ही लिहिलेला असावा.

निकाल तीन प्रकारचे येतात. लाभ योग्य ठरतो, लाभ बंद होऊन वसुली निघते, किंवा फेरतपासणीत टक्केवारी बदलते. वैद्यकीय प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध नातेवाइकाला त्याच अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपिलाचा हक्क आहे आणि ते अपील चालू असेपर्यंत आपण काही बोलू नये. लाभ योग्य ठरला तर दुसऱ्या कार्यालयात तोच अर्ज पुन्हा टाकू नका. ज्यांच्यामार्फत टप्पा ५ मधले बोलणे झाले होते, त्याच आत्यांना किंवा मेहुण्यांना सोबत घेऊन एकदा त्या घरी जाऊन या.